पुराने नेलेला मुफुताउ

१

इबादानमधल्या ओगुनपा नाल्याच्या काठावरची घरं पाडायला सुरुवात झाली तेव्हा आम्हा पोलिसांची तयारी होती ती फार तर दगडफेकीची. नाला रुंद करायचा म्हणून सरकारने घराघरांवर लाल फुल्या मारल्या होत्या आणि अख्खी वस्ती चिडलेली होती. पण अल्हाजी लसिसींच्या घरून मजूर धावत आला तो भलतंच सांगत.

"मॅडम, कोठीच्या फरशीखाली माणूस आहे."

मी पोचले तेव्हा अर्धी वस्ती तिथे जमली होती. फोडलेल्या सिमेंटखाली हाडं एका कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यासारखी. कवटीला भेग होती, पण नेमक्या तिथेच मजुराची कुदळही बसली होती. म्हणजे त्या भेगेवरून काही कळायची सोय उरली नव्हती. पुढचा एक दात तिरका तुटलेला होता.

गर्दीतून साठीचे अल्हाजी लसिसी पुढे आले. अंगात पांढरा घोळदार अगबादा, डोक्यावर हजची टोपी. त्यांनी त्या दाताकडे पाहिलं आणि धुळीतच खाली बसले.

"हा माझा धाकटा भाऊ. मुफुताउ. पुराने नेलेला."

त्यांच्यामागे त्यांची बायको सिफावु उभी होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सोड्याचं बूच दाताने काढायचा. कितीदा सांगितलं होतं मी त्याला."

हे वाक्य मला खटकलं. मग शेजारणीने कानात सांगितलं की सिफावु आधी मुफुताउचीच बायको होती. तो पुरात गेला आणि थोरल्या दिराने तिला पदरात घेतलं. आमच्याकडे हे नवं नाही.

ठाण्यातून साहेबांचा फोन आला. "अबिओना, ऐंशी सालचा पूर आहे तो. शेकड्यांनी माणसं गेली, त्यातलाच हा एक. गाळात पुरला गेला, वर फरशी झाली. अल्हाजी मोठा माणूस आहे, उगाच ताणू नका. संध्याकाळपर्यंत दफन होऊ द्या."

मी हो म्हणाले. निघता निघता सहज त्या खड्ड्याच्या कडेकडे पाहिलं. शेजारच्या खोल्याही फोडल्या होत्या आणि सगळीकडे सिमेंटखाली पुराचा करडा थर दिसत होता. वाळू, काचा, कुणाच्यातरी चपलेचा तळवा. पूर ओसरल्यावर लोकांनी तो उपसला नव्हता, त्याच्यावरच फरशी ओतली होती. कोठीतही तो थर होता, फक्त हाडांभोवती नव्हता. तिथे तो फावड्याने कापल्यासारखा सरळ तुटला होता आणि आत लाल माती न् वाळू यांची सरमिसळ होती.

पूर माणसाला पुरतो, पण त्यासाठी तो खड्डा खणत नाही.

मी साहेबांना परत फोन लावला आणि दफन थांबवलं.

२

अल्हाजींनी मला राग दाखवला नाही. ओसरीवर बसवलं आणि पाहुण्याला देतात त्या कोलाच्या कडू बिया समोर ठेवल्या.

"विचारा, मॅडम. तुमचं कामच आहे ते."

"त्या दिवशी काय झालं?"

"दिवसभर पाऊस. दुपारनंतर नाला दुकानांत शिरला. मुफुताउ म्हणाला, मशीन वर ठेवून येतो. शिवणकाम होतं त्याचं. मी छपरावर चढलो होतो, तिथून पाहिलं. पुलाजवळ होता. मग पूलच नव्हता." त्यांनी डोळे मिटले. "चोवीस वर्षं झाली. दर ऑगस्टला मशिदीत त्या लोकांसाठी दुआ ठेवतो मी. सगळ्या वस्तीला ठाऊक आहे."

खरंच ठाऊक होतं. घर वाचवण्यासाठी ते किती वर्षं कोर्टकचेऱ्या करत होते तेही सगळ्यांना ठाऊक होतं. बापाच्या घरावर जीव आहे, लोक म्हणायचे.

"मग तो तुमच्या कोठीखाली कसा आला?"

"पाण्याला कोण विचारणार? घरी यायला निघाला असेल. आला असेल वाहत."

उठून त्यांनी मला अंगणातली भिंत दाखवली. सगळं घर पिवळ्या रंगात रंगवलेलं, तेवढा एक पट्टा सोडलेला. त्यावर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ. "ही कधी पुसू दिली नाही मी कुणाला," ते म्हणाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती दाखवायचे. मीही आदराने पाहिली.

तिथून मी कासुमुकडे गेले. कासुमु गवंडी. मुफुताउचा जिवलग मित्र, आणि कोठीची फरशी त्यानेच केली असं मजूर सांगत होते. तो आमालाचा गोळा एवेडूच्या पालेभाजीत बुडवून खात बसला होता. मला पाहून त्याने हात धुतला.

"आता मलाच पकडणार का? गरीब दिसला की पकडा!"

"फरशी तू केलीस ना?"

"केली. लसिसीच्या लग्नाआधी केली. तांदळाची पोती, थंड पेयांच्या पेट्या ठेवायला कोरडी जागा पाहिजे होती. बोलावलं, गेलो. जमीन धुम्मस करून तयार होती. मी म्हटलं, अरे, हे माझं काम. तर म्हणाला, मीच केलं, तुझी मजुरी वाचवली." तो कडवट हसला. "तसाच कंजूस माणूस तो, म्हणून मला काही वाटलं नाही."

"मुफुताउ कसा होता?"

"वाऱ्यासारखा पळायचा! पुराच्या आदल्या दिवशी आम्ही मॅच खेळलो. दोन पोरं त्याच्या पायांवर आदळली, हा आपला उभाच. आयुष्यात एक हाड मोडलं नाही त्याचं. लोखंडाचे पाय, मॅडम." त्याने ताट बाजूला सारलं. "मी त्याच्या अंगावर सिमेंट ओतलं का हो? खरं सांगा."

मी वही मिटून उठले.

३

लसिसीची आई ऐंशीच्या पुढची. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान तिखट. वस्तीत तिला सगळे 'इया'च म्हणतात, म्हणजे आई. मी तिच्यासमोर गुडघे टेकून नमस्कार केला.

"कुणाची ग तू?"

"पोलिसातली अबिओना, इया. मुफुताउबद्दल विचारायला आले."

"माझं बाळ," ती म्हणाली आणि डोलायला लागली. "मी इथे असते तर हात धरून ठेवला असता त्याचा. माझी लेक बाळंत झाली होती अबेओकुटाला. नातवाच्या बारशाला गेले आणि इकडे आभाळ फाटलं. रस्ता खुला झाला तेव्हा आले. घरभर चिखल. घरात लसिसी एकटा."

"शेवटचा कधी पाहिलात त्याला?"

तिने अंगणाकडे मान वळवली. तिला तिथलं काही दिसत नव्हतं, तरी वळवली.

"तिथे उभा होता. भिंतीला पाठ लावून. ती रेघ इथे आली होती त्याच्या." तिने स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं. "हसत होता ग."

म्हातारी पाण्यात उभा असलेला मुलगा स्वप्नात पाहत असणार, असं वाटून मला गलबलून आलं. पुढे काही न विचारता मी उठले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकी मोठी गोष्ट माझ्या कानांवरून अशी कधी गेली नव्हती.

सिफावु मागच्या चुलीपाशी सापडली. तिचा थोरला मुलगा, तेवीस-एक वर्षांचा उंच पोरगा, मला पाहून दारात आडवा उभा राहिला. तिने त्याला बाजूला केलं.

"मला विचारायचं ते विचारा. पोराला नको."

"पूर आला तेव्हा कुठे होतात?"

"बाजारात, एका माडीवर. खाली उतरले तोवर मी विधवा झाले होते. घर चिखलाने भरलेलं, म्हणून माझ्या बापाने मला नेलं. इद्दत, विधवेचे ते चार महिने दहा दिवस, मी माहेरी काढली. ती संपली आणि पुढच्याच शुक्रवारी माझं लग्न लागलं. मी ह्या घरात परत पाय ठेवला तो नवरी म्हणून."

"तेव्हा कोठीची फरशी झालेली होती?"

"झालेली होती. लग्नाचा भात तिथूनच वाढला." ती एकदम थांबली. हातातला चमचा तिने खाली ठेवला. "तो तेव्हा तिथे होता?"

तिलाही तसंच सोडून मी निघाले. पण त्या संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला आणि उत्तर न देण्याची चैन संपली.

४

"तुमचा माणूस पुरात मेला म्हणता ना?" डॉक्टर म्हणाले. "त्याची डावी नडगी मोडलेली आहे."

"पाण्यात मोडली असेल."

"मोडली असेल. पण मग ती जुळलीही आहे. छान जुळली आहे. कुणा जाणत्या हाडवैद्याने बसवलेलं हाड आहे हे. मोडल्यानंतर तीन-चार महिने तरी हा माणूस जिवंत होता."

पुराच्या आदल्या दिवशी मुफुताउ धडधाकट पायांनी मॅच खेळला होता. म्हणजे पाय मोडला तो पुरात. आणि जुळला तो पुरानंतर. पाण्याने मुफुताउला नेलं खरं, पण मारलं नव्हतं. तो परत आला होता. पुराचा थर फोडून खणलेला खड्डाही तेच सांगत होता.

आणि मग इयाचं बोट माझ्या डोळ्यांपुढे आलं, गळ्यावरून फिरलेलं. भिंतीवर ती रेघ पुराआधी नव्हतीच. पूर आला तेव्हा इया अबेओकुटाला होती. मग त्या रेघेला पाठ लावून हसणारा मुलगा तिने पाहिला कधी?

दुसऱ्या दिवशी मी दोघांना, मायलेकांना, ओसरीवर समोरासमोर बसवलं आणि नेमकं एवढंच विचारलं.

म्हातारीचं डोलणं थांबलं. अल्हाजी तिच्याकडे पाहत राहिले. त्या नजरेत राग नव्हता, थकवा होता.

"इया, तू काय बोललीस हिच्याजवळ?"

"माझ्या बाळाबद्दल बोलले. चोवीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं."

अल्हाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लिहून घ्या," ते म्हणाले. "हार्मटनचा कोरडा वारा सुरू झाला होता, सगळीकडे धूळ. दुपारची वेळ. अंगणात वळून पाहतो तर तो उभा. लंगडत माझ्याकडे आला. ज्याची शोकसभा केली, ज्याच्यासाठी कुराण वाचलं, तो माझं नाव घेत पुढे येतोय! मॅडम, तुम्ही काय केलं असतं? मला वाटलं भूत आहे. हातात मुसळ होतं. भीतीने मारलं. पडल्यावर रक्त आलं, तेव्हा कळलं."

"आणि मग पुरलंत."

"कुणाला काय सांगणार होतो?"

सगळी वस्ती भिंतीपलीकडे कान लावून होती. संध्याकाळपर्यंत जो तो म्हणत होता, बिचारे अल्हाजी. मेलेला माणूस दारात उभा राहिला तर कोण घाबरणार नाही? बायका त्यांच्यासाठी डबे घेऊन ठाण्यात आल्या. साहेब मला म्हणाले, "सुटलं ना कोडं? आता फाइल बंद करा."

पण त्या कबुलीत एक भोक होतं. जुळलेला पाय सांगत होता की मुफुताउ कित्येक महिने कुठेतरी पडून होता. शिवणकाम करणारा, शहरात वाढलेला, बोलका माणूस. एवढ्या काळात त्याने घरी एक निरोप धाडला नसेल?

५

नाल्याच्या कडेकडेने मी खाली दक्षिणेला गेले. प्रत्येक गावात एकच प्रश्न विचारायचा, इथे जुना हाडवैद्य कोण? इदी-ओसान नावाच्या लहानशा गावात एका माणसाने मला नीट न्याहाळलं. त्याचं नाव सुनमोला. त्याचा बाप हाडं बसवायचा. बाप वारला होता, आता हा बसवत होता.

"पुराचा माणूस?" तो म्हणाला. "शिंपी? दात तुटका?"

"तोच."

"तुम्ही पोलिस ना? मग एवढ्या उशिरा का आलात, बाई?"

त्याने मला बसायला बाकडं दिलं.

"माडाच्या झावळीत अडकलेला मिळाला आम्हाला. पाय असा उलटा वळलेला. बापाने बांबूच्या कामट्या बांधल्या. शुद्धीवर आला तसा बडबड सुरू. कासुमु नावाचा कुणी मित्र होता त्याचा, त्याने किती गोल घालवले ते सांगून आम्हाला हसवायचा. बायकोचं नाव घेतलं की मात्र गप्प व्हायचा."

"घरी कळवलं नाहीत?"

"कळवलं नाही कसं? माझी आई यामचे कंद विकायला इबादानला जायची. ती स्वतः गेली त्याच्या घरी. दारात थोरला भाऊ भेटला. रडला म्हणे आनंदाने. आईच्या डोक्यावरचं ओझं स्वतः उतरवलं, कोला दिला. म्हणाला, पुढच्या बाजाराला मोटार घेऊन न्यायला येतो. तोवर कुणाला सांगू नका, माझी आई थकलेली आहे, एकदम ऐकून तिचं काही बरंवाईट होईल."

मी त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं.

"आणि मग?"

"मग काय? हा दर बाजाराच्या दिवशी कपडे घालून रस्त्याकडेला बसायचा. मोटारी यायच्या, जायच्या. माझी आई म्हणायची, अरे, भाऊ कामात असेल. शेवटी पाय टेकायला लागला तशी काठी घेतली आणि गेला. म्हणाला, लसिसीला पैशाची अडचण असेल, बिचारा तोंड दाखवायला लाजत असेल. परत भेटायला येतो म्हणाला होता. आला नाही. आम्हाला वाटलं, शहरातला माणूस, विसरला."

"तुमची आई साक्ष देईल?"

"तिला जाऊन दहा वर्षं झाली."

म्हणजे लसिसींना भूत दिसलं नव्हतं. भाऊ जिवंत आहे हे त्यांना केव्हाच कळलेलं होतं.

परत येऊन मी सिफावुला हे सांगितलं. सांगायला नको होतं असं कधीकधी वाटतं. ती हिशेब केल्यासारखी बोटांकडे पाहत राहिली.

"यामवाली आली ती पावसाळा सरल्यावर?"

"हो."

"त्याआधी लग्नाचा विषयसुद्धा नव्हता, मॅडम. मी शिवणयंत्र घेऊन माहेरीच राहणार होते. पावसाळा सरला आणि हा एक दिवस आला. माझ्या बापापुढे साष्टांग पालथा पडला. म्हणाला, भावाची विधवा उघड्यावर राहिली तर माझा भाऊ मला माफ करणार नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "माझा बाप रडला होता त्याचा चांगुलपणा पाहून. मीही."

६

कोर्टात सुनमोला आला. चांगला बोलला. पण ऐकीव गोष्ट ती. निरोप नेणारी बाई मेलेली, निरोप घेणारा म्हणतो कुणी आलंच नाही. राहिली फक्त इया.

खटल्याआधी मी तिच्याकडे गेले होते. तिच्यापुढे बसले.

"इया, तुम्ही त्याला पाहिलंत. तो भूत होता का?"

"भूत कशाला असेल? भूत पाणी मागत नाही. तो मागून प्यायला. दोन भांडी प्यायला, मग भिंतीला टेकून पाणी कुठवर आलं होतं ते मला दाखवत होता. लसिसीने सगळं पाहिलं. तो मुसळ आणायला आत गेला, मला वाटलं बसायला चटई आणतोय."

"हे कोर्टात सांगाल?"

"नाही."

"तुमचा मुलगा होता तो."

"दोघेही माझेच." ती म्हणाली. "एकासाठी मी महिनोन्‌महिने रडून झाले होते. घरात आले, चिखलात बसून रडले, केस काढले, सगळं केलं. तो गेला हे मनाने घेतलं होतं. मग तो आला आणि क्षणात परत गेला. उरलेल्याचं नाव घेतलं असतं तर दोघेही गेले असते. तू आई आहेस का ग?"

"आहे."

"मग विचारू नकोस. लसिसी आत खणत होता तेव्हा मी दारात बसून एगुसीच्या बिया सोलत होते. कुणी आलं तर सांगत होते, आत लग्नाची फरशी चाललीय, पाय देऊ नका."

कोर्टात तिला खुर्ची दिली. ती म्हणाली, मला काही आठवत नाही, मी म्हातारी आहे. सगळ्यांनी मान डोलावली.

न्यायाधीशांनी भुताची गोष्ट पूर्ण मानली नाही, पण टाकूनही दिली नाही. वय पाहिलं, हज पाहिला, मशिदीतल्या दुआ पाहिल्या. शिक्षा इतकी कमी झाली की वस्तीने बाहेर बकरा कापला. साहेब म्हणाले, "पाहिलंत? पहिल्याच दिवशी दफन करू दिलं असतं तर एवढी बदनामी टळली असती."

मी कोर्टाच्या आवारात सिफावुला गाठलं. मुफुताउला तिने तिच्या माहेरच्या कबरस्तानात पुरलं होतं. विधवेचे कपडे परत घातले होते. एका नवऱ्यासाठी दुसऱ्यांदा.

"आता कुठे जाणार?" मी विचारलं.

"घरी. म्हातारीला कोण घास भरवणार? तिचं घर पाडलं, सरकारने दोन खोल्या दिल्यात. पोरं तिथेच आहेत." ती थकून हसली. "तुम्ही खरं शोधलंत, मॅडम. कोणी शोधलं नव्हतं. पण ते घेऊन मी राहू कुठे, हे नाही सांगितलंत."

तेवढ्यात तिचा थोरला मुलगा पायऱ्या उतरून आला. बापाचे कपडे त्याच्या हातात होते, तुरुंगात बदलायला लावलेले. माझ्यासमोर थांबून तो पचकन थुंकला.

"तुम्हाला बढती मिळाली का? आमचा बाप आत गेला."

"मुफुताउ!" सिफावु ओरडली. "चल इथून."

मी दचकून तिच्याकडे पाहिलं. आजवर त्या पोराचं नाव मी विचारलंच नव्हतं. तो पुढे निघून गेला. तिने डोक्यावरचं कापड घट्ट बांधलं.

"बापानेच ठेवलं नाव," ती म्हणाली. "बारशाला माझ्या मनात दुसरं होतं. हा हट्टाला पेटला. म्हणाला, मुफुताउ ह्या घरात परत आला पाहिजे."

आणि ती त्याच्या मागे गेली, त्याच नावाने हाका मारत.